वीजही हवी, कढत पाणीही हवं

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्चीवर आधी सोलर वॉटर हीटर आले, मग टाक्यांमधल्या उरल्यासुरल्या जागेत विजेची पॅनेलं. आता जागा संपली. त्यामुळे एकच पॅनेल वीज आणि गरम पाणी दोन्ही देतं म्हटलं, की मीटिंगमध्ये पेंगणारेही कान टवकारतात.

कल्पना 1970 च्या दशकापासूनची, आणि तिचा पाया पक्का आहे. सिलिकॉनचं चांगलं पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हातून जेमतेम 20-22 टक्के वीज काढतं. उरलेल्या बहुतेक उन्हाची उष्णता होते. पॅनेलवर छापलेले वॅट सेलचं, म्हणजे आतल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. एप्रिलच्या दुपारी तेच पॅनेल आपल्याकडे 65 अंशांपर्यंत तापू शकतं, आणि दर अंशामागे वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणजे 400 वॅटचं पॅनेल तितक्याच उन्हात 345 च्या आसपास येतं. वीज-पाणी दोन्ही देणाऱ्या या संकरित पॅनेलच्या पाठीला नळ्या जोडून त्यांतून पाणी खेळवतात. पाणी उष्णता घेऊन जातं, सेल गार राहतात.

मेख पुढेच आहे. सेलना गारवा हवा, आपल्याला अंघोळीला कढत पाणी. टाकी 60 अंशांवर गेली, की तेच पाणी सेलना गार कसं करणार? वर जादा काच बसवली तर पाणी चांगलं तापतं, पण वीज घटते. काच काढली तर वीज सुधारते, पाणी कोमट राहतं. त्यात सेल गार करायची खरी निकड मे महिन्यात, आणि तेव्हा कढत पाणी हवंय कोणाला? सुट्टीत बिल्डिंग अर्धी गावी गेली, पाणी कोणी काढलंच नाही, तर पाठीला इन्सुलेशन असलेलं हे पॅनेल साध्या पॅनेलपेक्षाही जास्त तापतं!

म्हणून माझ्या मते चार माणसांच्या घराला हे महागडं प्रकरण सध्या झेपणारं नाही. पण जिथे कोमट पाणी बारा महिने आणि भरपूर लागतं, तिथे ते शोभतं: पोहण्याचा तलाव, बॉयलरमध्ये सोडण्याआधी पाणी थोडं तापवून घेणारी डेअरी, किंवा हीट पंप बसवलेलं होस्टेल. हीट पंपाला 30 अंशांचं पाणीही पुरतं. त्यातली उष्णता उपसून तो टाकीतलं पाणी अंघोळीजोगं करतो.

तरीही कोणी कोटेशन घेऊन आलंच, तर दोन गोष्टी विचारा. दाखवलेली वीज पाणी किती अंशांवर असताना मोजली? आणि नळ्यांत थेट बोअरचं पाणी जाणार का? क्षार साचून त्या तुंबतात. त्यापेक्षा नळ्यांत वेगळं शुद्ध पाणी फिरतं ठेवून त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता, टाकीला दिलेली बरी.