उधळलेली रेल्वेगाडी आणि घरंगळलेली रेल्वेगाडी

ताब्याबाहेर गेलेल्या रेल्वेगाडीचा जुन्या धाटणीचा थरारपट घरात टीव्हीवर लागला, की पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, ‘अहो, पण साखळी का ओढत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर गाडी कोणत्या प्रकारे सुटली आहे यावर अवलंबून असते, आणि ‘ब्रेक फेल’ या एकाच नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करत असल्यामुळे ते उत्तर हाती लागत नाही. पहिल्या प्रकारात इंजिन चालू असते आणि तेच गाडीला ओढत असते. दुसऱ्या प्रकारात इंजिन बंद असते, किंबहुना नसतेही, आणि गाडी केवळ उतारामुळे धावते. बैलांसकट उधळलेली गाडी आणि बैल सोडून ठेवलेली, पण चाकाला दगड न लावल्यामुळे उताराला लागलेली गाडी यांत जो फरक आहे, तोच हा फरक आहे.

आधी साखळीविषयी. हवेच्या ब्रेकच्या गाडीत इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी गेलेली असते आणि तिच्यात हवेचा दाब कायम राखलेला असतो. आपल्याकडे तो दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम इतका असतो. साखळी ओढली की या नळीतली हवा सुटते, दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याच्या टाकीत साठवलेली हवा त्या डब्याचे ब्रेक लावते. म्हणजे ब्रेक लागतो तो दाब गेल्यामुळे. नळी फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले तरी गाडी थांबावी, याच हेतूने ही रचना केलेली आहे. म्हणूनच थरारपटाच्या लेखकाला सर्वांत आधी ही रचना निकामी का झाली, याचे पटण्याजोगे कारण द्यावे लागते. ज्या चित्रपटात ते कारण नीट दिलेले असते, तो शेवटपर्यंत धरून ठेवतो.

आंद्रेई कोंचालोव्स्की यांचा १९८५ सालचा ‘रनअवे ट्रेन’ हा माझ्या मते या बाबतीतला सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे. त्याची मूळ पटकथा अकिरा कुरोसावा यांची. अलास्काच्या बर्फात, तुरुंगातून पळालेले दोन कैदी एकमेकांना जोडलेल्या चार इंजिनांवर चढतात. चालकाला हृदयविकाराचा झटका येतो, तो ब्रेक लावतो, पण इंजिनाची ओढ बंद करायची राहून जाते. ब्रेक लागलेले असतानाही इंजिने ओढतच राहतात, चाकांवर घासून ब्रेकचे ठोकळे जळून जातात, आणि मग अडवणारे काहीच उरत नाही. ही उधळलेली गाडी. तिला उताराची गरज नाही, ती चढही चढते, आणि डिझेल संपेपर्यंत किंवा कोणी पुढच्या इंजिनात पोहोचेपर्यंत ती थांबणार नाही. चित्रपटाचा सारा ताण या पोहोचण्यात आहे.

टोनी स्कॉट यांचा २०१० सालचा ‘अनस्टॉपेबल’ याच प्रकारचा असून त्याला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १५ मे २००१ रोजी घडलेल्या घटनेचा आधार आहे. यार्डातल्या हालचालीमुळे डब्यांच्या हवेच्या नळ्या जोडलेल्या नव्हत्या, म्हणजे वर सांगितलेली रचना मुळातच लागू नव्हती. सांधा बदलण्यासाठी उतरताना चालकाने इंजिनाचा विद्युत ब्रेक लावला असे त्याला वाटले. प्रत्यक्षात तो लागला नव्हता आणि इंजिन पूर्ण शक्तीवर गेले होते. ४७ डब्यांची ती गाडी चालकाविना सुमारे १०६ किलोमीटर गेली आणि तिचा वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास पोहोचला. अखेर दुसरे इंजिन मागून येऊन तिला जोडले गेले, त्याच्या ब्रेकने वेग ताशी १८ किलोमीटरपर्यंत उतरला आणि एका कर्मचाऱ्याने बाजूने धावत जाऊन इंजिनात चढून ते बंद केले. पडद्यावर वेग आणि संकटे वाढवली आहेत, पण उपाय तोच आहे: इंजिनाला मागे ओढायचे आणि त्याची शक्ती तोडायची.

घरंगळलेल्या गाडीपुढे हे उपाय चालत नाहीत, कारण तोडायला शक्तीच नसते. उभ्या गाडीच्या टाक्यांतली हवा काही तासांत हळूहळू झिरपून जाते आणि तिच्याबरोबर ब्रेकही सुटतात. म्हणून गाडी उभी करून सोडताना हँडब्रेक आवळणे आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावणे आवश्यक असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला अडथळा इतका कमी असतो, की डोळ्यांना सपाट वाटणारा उतारही पुरतो. ४,००० टनांच्या मालगाडीला १०० मीटरला १ मीटर उतार मिळाला, तर ४० टन वजनाइतका जोर तिला सतत पुढे ढकलत असतो. २५ मीटरची उतरण, घर्षण नसल्यास, ताशी ८० किलोमीटरचा वेग देते. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूमधल्या कठुआ स्थानकातून ५३ वाघिणींची खडी भरलेली गाडी अशीच निघाली आणि सत्तरहून अधिक किलोमीटर जाऊन पंजाबातल्या ऊंची बस्सीजवळ थांबली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. कॅनडातल्या लाक-मेगांतिकला ते सुदैव नव्हते. ५ जुलै २०१३ च्या रात्री ७२ टँकरची तेलगाडी चढावर उभी असताना तिच्या इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केले गेले, हवा भरणे थांबले, आवळलेले हँडब्रेक अपुरे पडले आणि मध्यरात्रीनंतर, म्हणजे ६ जुलैला, सुमारे ११ किलोमीटर घरंगळत आलेल्या गाडीने ४७ जणांचा बळी घेतला.

साताऱ्याहून किंवा सांगलीहून कोयना एक्सप्रेसने मुंबईला जाणारा प्रवासी हा दुसरा प्रकार शक्य असलेल्या वाटेवरूनच जातो. वाठार सोडल्यावर गाडी आदर्कीच्या घाटातून लोणंदकडे उतरते, आणि पुढे लोणावळ्यानंतर बोरघाटात उतार ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र होतो. तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडतात, उतरताना ब्रेकची परीक्षा घेतात, आणि ताबा सुटलेली गाडी वळवून चढावर चढवता येईल असे खास रूळ टाकलेले आहेत. वेग मारण्यासाठी चढाचाच वापर करणारा हा उपाय उधळलेल्या गाडीवर मात्र भरवशाचा नाही, कारण तिचे इंजिन चढावरही जोर लावत राहते.

विजेच्या गाडीने हा फरक आणखी स्पष्ट होतो. पुणे–मिरज मार्ग आता विद्युतीकृत आहे. अशा मार्गावर विजेचे इंजिन उधळले, तर नियंत्रण कक्षातून वरच्या तारेचा पुरवठा बंद करता येतो आणि ओढ तेथेच संपते. त्यामुळे ‘रनअवे ट्रेन’ किंवा ‘अनस्टॉपेबल’सारखी कथा डिझेल इंजिनाशिवाय उभी राहणे कठीण आहे. घरंगळलेल्या गाडीला मात्र तारेत वीज असली काय आणि नसली काय, सारखेच.

असे असूनही चित्रपटवाले दुसऱ्या प्रकाराकडे फारसे वळत नाहीत, याचे कारण मला समजते. उधळलेल्या गाडीत नायकाला गाठायला केबिन असते आणि खेचायला दांडा असतो. घरंगळलेल्या गाडीत धैर्याला फारसा वाव नाही. जे करायचे ते गाडी सोडून जाण्यापूर्वी, हँडब्रेकचे चाक फिरवून आणि ठोकळा ठोकून करायचे असते.