उलट जोडलेल्या धमन्या

बाळ भरल्या वजनाचे जन्मते. पण काही तासांतच ओठ आणि नखे निळी पडतात, ऑक्सिजन लावूनही निळेपणा हटत नाही. अशा वेळी पहिली शंका येते ती दोन मोठ्या धमन्यांच्या अदलाबदलीची. महाधमनी हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून निघालेली, फुप्फुसधमनी डाव्यातून. अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते, शुद्ध रक्त फुप्फुसांतच. ही दोन रक्ते कुठेतरी मिसळली तरच बाळ तगते.

म्हणून आधी प्रोस्टाग्लँडिनचे ठिबक लावून या दोन धमन्यांना जोडणारी आणि जन्मानंतर बंद होणारी डक्टस ही नळी उघडी ठेवतात. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, तेव्हा व्हेंटिलेटर हाताशी हवाच. तेवढ्याने भागले नाही, तर शिरेतून फुग्याची नळी हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात नेतात आणि फुगवलेला फुगा झटक्यात मागे ओढून वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाडतात. ऐकायला आडदांड वाटते, पण अमेरिकी डॉक्टर विल्यम रॅशकिंड यांनी १९६६मध्ये मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे.

खरी दुरुस्ती म्हणजे आर्टेरियल स्विच. ब्राझीलचे शल्यविशारद अदिब जतेने यांनी ती १९७५मध्ये यशस्वी केली. हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बाळाला घेऊन, हृदय थांबवून दोन्ही धमन्या झडपांच्या थोड्या वर कापतात आणि अदलून शिवतात. हा भाग तसा सरळ. कस लागतो तो कॉरोनरी हलवताना. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या या वाहिन्या जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या. त्या भोवतालच्या भिंतीच्या बटणाएवढ्या तुकड्यासकट कापून नव्या महाधमनीला केसापेक्षाही बारीक धाग्याने जोडतात. जरासा पीळ पडला, ताण आला किंवा वाहिनी दुमडली, की स्नायूचे रक्त तुटते आणि मशीनवरून उतरताना हृदय चालतच नाही. वाहिनी महाधमनीच्या भिंतीतूनच गेलेली असेल, तर जोखीम आणखी वाढते. बटणे काढलेल्या जागी उरलेली भोके हृदयावरणाच्या ठिगळाने बुजवतात.

घाई मात्र वेगळ्याच कारणाने. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब उतरतो, डाव्या कप्प्याला हलके काम उरते आणि त्याचा स्नायू पातळ होत जातो. अदलाबदलीनंतर त्यालाच अख्ख्या शरीराला रक्त पुरवायचे असते. म्हणून खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक नसेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकतात. उशीर झालाच, तर काही बाळांत फुप्फुसधमनीभोवती पट्टी आवळून त्या कप्प्याला आधी तालीम देतात. पुढे वर्षानुवर्षे इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, कारण फुप्फुसधमनी शिवणीपाशी अरुंद होऊ शकते आणि नव्या महाधमनीचे मूळ फुगू शकते.