दंगल न पेटणाऱ्या शहरांत असतं काय?

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगलीच्या दोन लाटा येऊन गेल्या. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेला मृतांचा आकडा 900 आहे. तिथून फार लांब नसलेली भिवंडी मात्र त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. ही तीच भिवंडी, जी 1970 साली शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटली होती आणि 1984 साली पुन्हा. यंत्रमागांचं दाटीवाटीचं गाव. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी हिंदू, सगळे एकमेकांना खेटून राहणारे. अयोध्येत मशीद पडल्यावर सगळ्यात आधी इथेच भडका उडेल असं कुणालाही वाटलं असतं.

अंतर्गत सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदोबस्त येतो: एसआरपीच्या गाड्या, संचलन, संचारबंदी. हे सगळं लागतंच. पण एकाच देशात, एकाच बातमीनंतर, एक शहर जळतं आणि दुसरं जळत नाही, हे केवळ पोलिसांच्या संख्येने समजत नाही. समाजाचा आणि राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा केला आहे, आणि त्यांची उत्तरं आपल्या फार जवळची आहेत.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची वर्तमानपत्रांतून एकेक करून नोंद केली. त्यातून दिसलं ते चकित करणारं होतं. देशातले बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असूनही दंगलीतल्या मृत्यूंपैकी 4 टक्केसुद्धा खेड्यांत झाले नव्हते. शहरांतही ते सगळीकडे पसरलेले नव्हते. मुंबई, अहमदाबाद, बडोदा, हैदराबाद, मेरठ, अलीगढ, दिल्ली आणि कोलकाता या आठच शहरांत जवळपास 46 टक्के मृत्यू. शहरी लोकसंख्येत त्यांचा वाटा मात्र 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कारण ‘दोन धर्म’ एवढंच असतं तर नकाशा असा दिसला नसता. शोध स्थानिक पातळीवरच घ्यायला हवा होता.

वार्ष्णेय यांनी मग शहरांच्या जोड्या लावल्या. मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर दंगलीचं आणि एक शांततेचं. उत्तर प्रदेशातलं अलीगढ आणि केरळातलं कालिकत (आजचं कोळिकोड) ही त्यातली गाजलेली जोडी. कालिकतमध्ये सुमारे 83 टक्के लोकांनी सांगितलं, की आम्ही दुसऱ्या समाजातल्यांबरोबर नेहमी जेवतो. अलीगढमध्ये 54 टक्क्यांनी. मुलं एकत्र खेळतात असं सांगणारे कालिकतमध्ये जवळपास 90 टक्के, अलीगढमध्ये 42.

इथपर्यंत वाचून ‘शेजारधर्म पाळा म्हणजे झालं’ असं वाटेल. पण वार्ष्णेय यांचा खरा मुद्दा नेमका याच्या पुढे सुरू होतो. शेजाऱ्यांचं जाणंयेणं चांगलंच, पण मोठ्या शहरात दंगलीच्या रेट्यापुढे ते टिकत नाही. टिकतात त्या संघटना: व्यापारी मंडळं, कामगार संघटना, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या संघटना, वाचनालयं, क्रीडा मंडळं, पक्षांच्या शाखा, आणि त्याही दोन्ही समाजांचे सभासद व पदाधिकारी असलेल्या.

असं का, याचं एक कारण साध्या गणितात आहे. 1,000 वस्तीच्या गावात माणसांच्या जोड्या होतात सुमारे 5 लाख. 10 लाखांच्या शहरात त्याच होतात सुमारे 50,000 कोटी. वस्ती हजारपट वाढली, तर जोड्या दहा लाख पट. तोंडओळखीने एवढं मोठं शहर बांधून ठेवणं अशक्यच. संघटना मात्र थोड्या धाग्यांत पुष्कळ माणसं बांधते. एका पदाधिकाऱ्याचा एक फोन अनेक दुकानांपर्यंत पोहोचतो.

अफवेचं बघा. डिसेंबर 1990 मध्ये अलीगढच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना मारलं जातंय अशी खोटी बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत छापून आली, आणि त्याच दिवसांत शहरात माणसं मेली. अशी बातमी दोन्ही समाज एकाच व्यापारी मंडळात असलेल्या गावी आली, तर काय होतं? सूत विकणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे दुसऱ्या समाजातल्या कारखानदाराकडे अडकलेले असतात. अफवा कानावर आल्याबरोबर तो फोन करतो: ‘तुमच्याकडे काही झालंय का हो?’ पलीकडून उत्तर येतं, आणि या माणसाचा त्या माणसाच्या शब्दावर आधीपासून विश्वास असतो, कारण त्याच शब्दावर त्याने उधारी दिलेली असते. अफवा तिथेच विझते. पोलिसांना असा फोन करता येत नाही असं नाही, पण त्यांच्या खुलाशावर विश्वास ठेवायला लोक त्या घटकेला तयार नसतात.

सुरतेत हे एकाच शहरात दिसलं. 1992 च्या डिसेंबरात तिथे भीषण हिंसा झाली, पण ती जवळजवळ सगळी कारखान्यांभोवतीच्या झोपडपट्ट्यांत. बाहेरून एकटे आलेले कामगार, ना ओळख ना संघटना. जुन्या सुरतेत, जिथे दोन्ही समाजांचे व्यापार आणि व्यापारी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेली होती, तिथे तुलनेने शांतता राहिली.

यावर रास्त शंका घेतल्या गेल्या आहेत. संघटनांमुळे शांतता येते, की शांतता असते म्हणून संघटना उभ्या राहतात? विल्किन्सन यांच्या मते राज्य सरकारला मतांसाठी अल्पसंख्याकांची गरज असेल तर पोलीस दंगल रोखतात, नसेल तर रोखत नाहीत. मला संघटना आणि सरकार ही दोन्ही कारणं एकाच वेळी खरी वाटतात. सरकारने मनावर घेतलं तर दंगल फार काळ चालत नाही. पण पहिले काही तास शहराचे स्वतःचे असतात. राजकीय अर्थशास्त्राचे अभ्यासक सौमित्र झा यांचं काम इथे उपयोगी पडतं. मध्ययुगात समुद्री व्यापाराची बंदरं असलेल्या गावांत, इतर तशाच गावांच्या तुलनेत, पुढे कितीतरी शतकांनी हिंदू-मुस्लिम दंगलींचं प्रमाण पाचपट कमी आढळलं. अरबी समुद्रापलीकडच्या बाजारपेठेशी मुसलमान व्यापाऱ्यांचं जे नातं होतं ते हिंदू व्यापाऱ्यांना सहज उभं करता येण्यासारखं नव्हतं. एकमेकांची गरज होती, आणि त्या गरजेतून ज्या रीती आणि संस्था घडल्या त्या व्यापार गेल्यावरही उरल्या.

मग ज्या गावाला असा इतिहास नाही त्याने काय करायचं? भिवंडी म्हणूनच महत्त्वाची. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या करायला घेतल्या. दोन्ही समाजांची माणसं, सोबत पोलीस, आणि बैठका नियमित, तणाव नसतानाही. आपल्याकडे एरवी शांतता समितीची बैठक भरते ती गणपती किंवा मोहरम तोंडावर आल्यावर, पोलीस ठाण्यात, चहा-बिस्किटांवर. ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत झाली. भिवंडीने विहीर आधी खणली. दंगलीनंतर मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं.

एकत्र कसं आणायचं यालाही महत्त्व आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांसाठी क्रिकेटची स्पर्धा भरवली आणि कोण कुठल्या संघात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मिश्र संघातून खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांमध्ये मात्र उलट परिणाम दिसला. हा प्रयोग जातींचा, धर्मांचा नव्हे. तरी ‘या मोहल्ल्याचा संघ विरुद्ध त्या मोहल्ल्याचा संघ’ असे सलोख्याचे सामने भरवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

भिवंडीची गोष्ट 1993 ला संपत नाही. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसा झाली. पोलीस गोळीबारात दोघे गेले, जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. हा संघर्ष हिंदू आणि मुसलमानांमधला नव्हता, जमाव आणि पोलीस यांच्यातला होता. 1988 मध्ये जोडायला घेतलेल्या दोन धाग्यांपैकी पोलीस आणि वस्ती यांच्यातला धागा त्या दिवशी तुटला होता. अधिकाऱ्यांच्या बदल्या ठरलेल्या असतात. त्यामुळे नव्या अधिकाऱ्याकडे पदभार देताना गुन्ह्यांच्या नोंदींबरोबर मोहल्ल्यातल्या माणसांशी त्याची ओळख करून देण्याचं कामही कागदावर असायला हवं, आणि बैठक किती दिवसांत झाली नाही हे वरिष्ठांनी विचारायला हवं.