व्हॉल्व्हचा हेडफोन अँप आणि गावची डिम लाइट

व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतला दिव्यासारखा काचेचा पार्ट) म्हटला की अडीचशे-तीनशे व्होल्ट हवेतच, असं आपल्याकडे ठाम समजतात. हा हिशोब लाउडस्पीकरचा आहे. ली डी फॉरेस्टचा ऑडियन हा सुरुवातीचा व्हॉल्व्ह १९०६ मध्ये आला, आणि पुढची कितीतरी वर्षं रेडिओ कानाला लावूनच ऐकायचे. तेव्हाचे हेडफोन दोन-दोन हजार ओहमांचे, करंट जेमतेम ओढणारे; प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या करंट ओढणाऱ्या पत्र्याला, २२.५ किंवा ४५ व्होल्टांची बॅटरी पुरायची. खोलीभर आवाज हवासा झाला, तेव्हा व्होल्टेज चढलं.

विदर्भातल्या खेड्यांना मधला टप्पा माहीत आहे. नागपूर आकाशवाणी १९४८ ला सुरू झाली, पण त्यानंतरही बरीच वर्षं कित्येक गावांत वीज नव्हती. अशा घरांसाठी बॅटरीचे व्हॉल्व्ह रेडिओ होते. डीके ९१, डीएफ ९१, डीएएफ ९१ आणि डीएल ९२ असे चार व्हॉल्व्ह, फिलामेंट (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) १.४ व्होल्टांचं, म्हणजे साध्या सेलवर चालणारं, आणि प्लेटला ९० व्होल्टांची कोरडी बॅटरी. चारही फिलामेंट मिळून पाव अँपिअर, जेमतेम ०.३५ वॉट. आजच्या ईसीसी ८२ या व्हॉल्व्हचा एकटा हीटर, म्हणजे तापवणारी तार, १.९ वॉट खातो!

हीटरचा ६.३ हा आकडा मोटारीच्या तीन सेलांच्या बॅटरीवरून पडला. पुढे मोटारी १२ व्होल्टांवर गेल्या आणि १९५० च्या दशकात कार रेडिओसाठी प्लेटलाही १२ च व्होल्ट चालणारे व्हॉल्व्ह निघाले. स्पीकर मात्र ट्रान्झिस्टरने चालवायचा. आजचे २४ व्होल्टांचे हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टर मिळून केलेले, हेडफोन अँप त्याच वळणाचे.

त्यात कुठला व्हॉल्व्ह घालायचा? ईसीसी ८३ नाही. तो २५० व्होल्टांवरही १.२ मिलिअँपिअरच्या आसपास चालतो, २४ वर त्याच्यात जीवच उरत नाही. ईसीसी ८२ कसाबसा निभावतो. माझी पसंती ईसीसी ८८ ला. टीव्हीच्या ट्यूनरमध्ये त्याचे दोन भाग एकावर एक रचून सप्लाय वाटून घेत, म्हणून तो मुळातच ९० व्होल्टांसाठी बांधलेला आहे. तेवढ्यावर १५ मिलिअँपिअर देतो. कॅथोड फॉलोअर, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडवरून आउटपुट घेणारी जोडणी, केला तर आउटपुटचा रोध ८० ओहमांच्या जवळपास येतो. ३०० ओहमांच्या हेडफोनला तो चालतो. ३२ ओहमांच्याला पुढे मॉसफेट ट्रान्झिस्टर लागतोच.

राहिली लाइट. कोराडी आणि चंद्रपूरची वीजकेंद्रं आपल्याच विदर्भात, तरी हरभऱ्याच्या ओलिताला डीपीवरच्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे डिम. २३० चे १७० झाले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या ६.३ चे ४.७ होतात. हीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालतं, इतकं नाही. कॅथोड थंड पडतो, आवाज फाटतो. त्यापेक्षा इन्व्हर्टरची १२ व्होल्टांची बॅटरी बरी. ईसीसी ८२ चे दोन्ही हीटर सिरीजमध्ये १२.६ वर थेट चालतात, आणि ईसीसी ८८ घ्यायचा तर प्लेटच्या ९० साठी व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लावता येतो. फक्त चार्जिंगला लागलेली बॅटरी १४ च्या वर जाते, तेव्हा हीटरच्या वाटेत रेग्युलेटर टाकावा.