निवृत्ती नसलेले प्राध्यापकपद

भूशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त झाले की शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि लगेच प्रश्न येतो, त्यांनी जन्मभर गोळा केलेल्या दगडांचे काय? केंब्रिजमध्ये या प्रश्नाचे उत्तर आधी ठरले आणि निवृत्ती बरीच नंतर आली.

निसर्गाचे अभ्यासक जॉन वुडवर्ड १७२८ मध्ये वारले. त्यांनी आपले जीवाश्म आणि खनिजे अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटांसह विद्यापीठाला दिली आणि ती दाखवण्यासाठी, शिकवण्यासाठी व्याख्यात्याची सोय केली; हेच पुढे प्राध्यापकपद झाले. अट एकच विचित्र होती: माणूस अविवाहित हवा. १८१८ मध्ये त्या पदावरच्या जॉन हेलस्टोन यांनी लग्न केले आणि ही जागा रिकामी झाली.

तिथे निवडून आले अ‍ॅडम सेजविक. ते मूळचे गणिताचे, भूशास्त्राशी त्यांची फारशी ओळख नव्हती. पण त्यांनी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली, डोंगर पायी पालथे घातले आणि संग्रह वाढवत नेला. मेरी अ‍ॅनिंग यांच्याकडून घेतलेला इक्थिओसॉर हा सागरी सरीसृप आजही तिथल्या संग्रहालयात आहे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तरुण चार्ल्स डार्विनला उत्तर वेल्समध्ये सोबत नेले आणि खडकांचे थर कसे वाचायचे ते शिकवले. डार्विन घरी परतला तेव्हा 'बीगल' जहाजावरच्या सफरीचे पत्र त्याची वाट पाहत होते. माझ्या मते सेजविक यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे दिवस हेच.

आपल्याकडे भूशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जो कॅम्ब्रियन कल्प (पृथ्वीच्या इतिहासातला एक प्राचीन कालखंड) पाठ करतो, त्याचे नाव सेजविक यांनी १८३५ मध्ये दिले. त्याच वेळी त्यांचे मित्र रॉडरिक मर्चिसन यांनी त्यानंतरचा सिल्युरियन कल्प मांडला. पुढे या दोन कल्पांच्या मधले थर कोणाचे, यावरून दोघांचे कायमचे फाटले. उत्क्रांतिवादही सेजविक यांना शेवटपर्यंत पटला नाही. पद तहहयात असल्याची ही दुसरी बाजू मान्य करावीच लागते: विभागाचा प्रमुख आवाज अनेक वर्षे जुन्या भांडणातच अडकून राहिला. प्रकृतीने साथ सोडल्यावर शिकवणे थांबले, पद मात्र सुटले नाही. जानेवारी १८७३ मध्ये, ८७ व्या वर्षी, ते प्राध्यापक असतानाच वारले. मर्चिसन १८७१ मध्येच गेले होते. दोघेही नसताना, १८७९ मध्ये चार्ल्स लॅपवर्थ यांनी वादातल्या थरांना ऑर्डोव्हिशियन हे स्वतंत्र नाव देऊन तंटा मिटवला.

सेजविक यांच्या जागी आलेले टॉमस मॅकेनी ह्यूज यांनी त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय उभे करण्यासाठी तीस वर्षे खटपट केली. १९०४ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांनी त्याचे उद्घाटन केले. ह्यूजही १९१७ मध्ये पदावर असतानाच वारले. म्हणजे ९९ वर्षांत दोनच प्राध्यापक! त्यांच्या मागून आलेले जॉन मार यांनी मात्र १९३० मध्ये हयातीतच पद सोडले आणि ओ. टी. जोन्स यांची नेमणूक झाली.