ताकिलेची लाल टोपी आणि तिच्यामागचा इतिहास

पेरूला गेलेले बरेच जण माचू पिचू झालं की टिटिकाका तलावाकडे वळतात, काठावरच्या पुनो शहरातून बोट पकडतात, ताकिले बेटावर दोनतीन तास काढतात, लाल टोपीवाल्या पुरुषांचे फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत परत. मनात एवढंच राहतं की हा इंकांच्या काळापासून जसाच्या तसा चालत आलेला पोशाख. मला हे फार खटकतं, कारण त्या कपड्यांत सक्ती आहे, बंदी आहे, जमीन परत मिळवायची जिद्द आहे, आणि ते कळल्याशिवाय तिथल्या चालीरीती नीट कळत नाहीत.

बेट तसं छोटंच. साडेपाच किलोमीटर लांब, दीडेक किलोमीटर रुंद, वस्ती साधारण २,००० आणि बोली केचुआ, म्हणजे इंकांचीच भाषा. उंची ३,८०० मीटरच्या वर म्हणजे लेहपेक्षाही जास्त, त्यात धक्क्यापासून गावात चढायला पाचशेहून जास्त दगडी पायऱ्या, त्यामुळे धाप लागतेच. गाडी नाही, रस्ता नाही, सगळं पायी.

स्पॅनिश आले तसं बेट जमीनदारांच्या हातात गेलं आणि तिथलेच लोक तिथे मजूर झाले. मग १७८० मध्ये स्वतःला इंका राजांचा वंशज म्हणवणाऱ्या तुपाक आमारू दुसरा याने स्पॅनिशांविरुद्ध मोठं बंड केलं, पुढच्या वर्षी त्याला इंकांची जुनी राजधानी कुस्कोच्या चौकात हालहाल करून मारलं आणि त्यानंतर इंका पद्धतीच्या पोशाखावरच बंदी आली. आज ताकिलेचे पुरुष जी काळी पँट, सैल बाह्यांचा पांढरा शर्ट आणि आखूड जाकीट घालतात ते मुळात स्पॅनिश शेतकऱ्याचे कपडे. मेंढीची लोकर स्पॅनिशांची, पायाने चालवायचा माग त्यांचा, सुयांवरचं विणकामही त्यांच्याकडूनच आलेलं. पण बायका जमिनीत चार खुंट्या ठोकून त्यावर जो माग लावतात तो स्पॅनिशांच्या कितीतरी आधीचा, आणि कमरपट्टे त्याच्यावरच होतात. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही काळ एकदम दिसतात. लादलेले कपडे या लोकांनी इतके आपलेसे केले की आता जगात ते ताकिलेचे म्हणूनच ओळखले जातात, मला यातच त्यांचं मोठेपण वाटतं.

आता टोपीचं बघू. तिला चुल्यो म्हणतात आणि ती पुरुषच विणतात. पोरगा सातआठ वर्षांचा झाला की शिकायला लागतो, आणि मोठी माणसं तर चालता चालता, गप्पा मारता मारता विणत असतात, धागा मानेमागून घेतलेला म्हणजे ताण बरोबर राहतो, सुया एकदम बारीक आणि वीण इतकी घट्ट की पूर्वी म्हणे मुलीकडचे टोपीत पाणी ओतून बघायचे, गळलं तर जावई अजून कच्चा! टोपी पूर्ण लाल असेल तर लग्न झालेलं, वरचा भाग पांढरा असेल तर अविवाहित. बायकांच्या काळ्या शालीला गोंडे असतात, मोठे आणि भडक रंगाचे असले तर मुलगी लग्नाची. नवऱ्याच्या रुंद कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला बायकोचे केस विणलेले असतात असं सांगतात. आणि एक कॅलेंडरचा पट्टा असतो, त्यात पेरणी, कापणी, सण असं वर्षभराचं चक्र चित्रांत विणलेलं. या सगळ्या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मान दिला, २००८ मध्ये ते मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

जमिनीचा भाग मात्र बहुतेकांना माहीतच नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार राजकीय कैदी ठेवायला हे बेट वापरायचं. त्यातलाच एक सांचेस सेरो नावाचा लष्करी अधिकारी, ज्याने पुढे १९३० मध्ये देशाची सत्ता घेतली. बेटावरच्या लोकांची त्याच्याशी ओळख झाली होती, ती कामाला आली. १९३० च्या दशकापासून त्यांनी पैसे जमवून जमीनदारांकडून आपलीच जमीन तुकड्यातुकड्याने विकत घ्यायला सुरुवात केली, काही दशकं लागली पण घेतली.

हीच एकी पुढे पर्यटनात दिसली. १९७० च्या दशकात परदेशी लोक यायला लागले तेव्हा यांनी स्वतःच्या बोटी बांधल्या, शिडाच्या होत्या त्यांना ट्रकची जुनी इंजिनं बसवली, पाहुणे कोणाच्या घरी उतरणार ते पाळीने ठरवलं, विणलेला माल गावाच्या दुकानातून ठरलेल्या भावाने विकायला ठेवला म्हणजे आपसात भाव पाडायची वेळ येऊ नये. मग १९९० च्या दशकात सरकारचे कायदे बदलले, बोटींवरचा त्यांचा एकट्याचा हक्क गेला, पुनोच्या एजन्सी घुसल्या आणि बराचसा पैसा तिकडे जायला लागला. हे वाचून खरंच वाईट वाटतं.

जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. पुरुष भेटले की हात मिळवण्याऐवजी कमरेच्या विणलेल्या पिशवीतून कोकाची पानं एकमेकांना देतात, पेरूमध्ये पानं कायदेशीर आहेत, कोणी दिली तर दोन्ही हातांनी घ्या. फोटोआधी विचारा. दुकानात घासाघीस करू नका, एका टोपीमागे कित्येक दिवसांचं काम असतं. जमलं तर एक रात्र कोणाच्या तरी घरी राहा, दुपारी एजन्सीच्या बोटी निघून गेल्या की लोक निवांत बोलतात. आणि पुनोच्या धक्क्यावर ताकिलेवाल्यांची स्वतःची बोट कुठली ते विचारून तीच घ्या, हळू जाते, तीनेक तास लागतात, पण तिकिटाचे पैसे बेटावर पोचतात.