भाषिक कार्ये आणि औपचारिकतेच्या पातळ्या (भाषाशिक्षण)

विनंती, नकार, माफी, निरोप अशी जी कामे माणूस बोलून साधतो, त्यांना भाषिक कार्ये म्हणतात. समोरच्याचे वय, नाते आणि प्रसंग पाहून त्याच कामाचे शब्द बदलतात. या चढउताराला औपचारिकतेच्या पातळ्या म्हणतात. नव्याने भाषा शिकणाऱ्याला ही दोन्ही एकत्रच शिकवावी लागतात, कारण व्याकरणशुद्ध वाक्यही ऐकणाऱ्याला टोचू शकते.

बोलणे ही कृतीच असते, हा विचार ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधील व्याख्यानांत विस्ताराने मांडला. कोणाशी, केव्हा, कसे बोलावे हे कळणे हाही भाषा येण्याचाच भाग, असे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी पुढे प्रतिपादन केले. युरोप परिषदेच्या प्रकल्पातून १९७५ मध्ये इंग्रजीसाठी असा आराखडा आला, ज्यात काय शिकवायचे हे शिकणाऱ्याला बोलून काय साधायचे आहे यावरून ठरले.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी मराठी न बोलणारी अनेक मुले त्यामुळे ती शिकतात. त्यांना तू, तुम्ही, आपण ही सर्वनामे चढत्या आदराची शिडी म्हणून शिकवली जातात, आणि इथेच घोटाळा होतो. आईला ‘तू’, विठोबालाही ‘तू’; बाबांना मात्र अनेक घरांत ‘तुम्ही’. ‘अगं आई’ म्हटले की जन्मदात्री आणि ‘अहो आई’ म्हटले की बहुधा सासूबाई, हे मराठी माणसाला न सांगता कळते. पुढे क्रियापदही बदलते : आई आली, सासूबाई आल्या. हिंदी भाषकाला ‘तुम्ही’त ‘तुम’ ऐकू येतो, म्हणून तो भाजीवाल्या मावशींनाही ‘आपण भाव सांगाल का?’ असे विचारतो. तिथे ‘मावशी, मेथी कशी दिली?’ हेच बरोबर.

विनंतीचेही तसेच. ‘कृपया मला पाणी द्या’ हे वाक्य घरात पाटीवरून उतरवल्यासारखे वाटते. मराठीचा मऊपणा ‘जरा’, ‘हं’, ‘ना’ यांत आणि प्रश्नात असतो : ‘जरा पाणी देता का?’ निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानतात, म्हणून ‘येतो हं’. ‘बघू’ हा पुष्कळदा सौम्य नकार असतो; नवशिक्या त्याला आश्वासन समजतो.

वर्गात एकच काम देऊन माणूस बदलत राहणे, हा सर्वांत उपयोगी सराव. उशीर होणार आहे, हे कळवायचे. मैत्रिणीला : ‘अगं, मला उशीर होतोय.’ घरमालकांना : ‘काका, आज जरा उशीर होईल, चालेल ना?’ मुख्याध्यापकांना चिठ्ठीत : ‘मला येण्यास अर्धा तास उशीर होईल. कृपया परवानगी असावी, ही विनंती.’ तक्ते पाठ करण्यापेक्षा यातून कान लवकर तयार होतो.

पातळी बदलणे हेही एक भाषिक कार्य आहे आणि ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. अहोजाहोवरून अरेतुरेवर यायची मुभा सहसा वयाने किंवा मानाने मोठा असलेला देतो. ‘मला अहोजाहो काय करतोस?’ हे वाक्य म्हणूनच शिकवायला हवे. नाहीतर शिकणारा त्याला रागावणे समजून आणखी अदबीने बोलू लागतो.